नजर सैल सोडली तरी ताण उतरत नाही? कुठे अडतंय ते या क्रमाने तपासा

समोर एका जागी बघत राहायचं आणि लक्ष मात्र दोन्ही कडांपर्यंत पसरू द्यायचं. हा उपाय सांगायला एक वाक्य पुरतं, करायला दोन मिनिटं. तरी शिकलेल्यांपैकी बरेच जण आठवडाभरात "आपल्याला नाही बुवा जमत" म्हणून सोडून देतात. अडचणी बहुतेक वेळा त्याच त्या असतात आणि त्यातल्या निम्म्या फुकटात सुटतात. आधी लक्षण ओळखा, मग त्यापुढे दिलेल्या तपासणीकडे जा.

लक्षणं

- मिनिटभरात कपाळ ताठतं, भुवयांच्या मधे दुखतं: तपासणी १
- डोळे चुरचुरतात, पाणी येतं: तपासणी २
- कडेच्या वस्तू आधी दिसतात, मग धुरकट होऊन चक्क गायब होतात: तपासणी २
- डोळे जागेवर ठरत नाहीत, डावीउजवीकडे पळतात, शेवटी आधीपेक्षा जास्त बेचैनी: तपासणी ३
- डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात: तपासणी ४
- घरी जमतं, ऑफिसात किंवा अभ्यासिकेत अजिबात नाही: तपासणी ५
- कडेचं सगळं वाकडं किंवा तरंगल्यासारखं दिसतं: तपासणी ६
- जमतं, बरंही वाटतं, पण दहा मिनिटांत ये रे माझ्या मागल्या: तपासणी ७ आणि ८
- आजूबाजूचं सगळं खोटं, काचेपलीकडचं वाटायला लागतं: तपासण्या करत बसू नका. थांबा आणि शेवटचा भाग वाचा.

आधी कृती बरोबर आहे ना, ते पाहा

खुर्चीत टेकून बसा, तळपाय जमिनीवर. डोळ्यांच्या उंचीवर, निदान तीन मीटरवरचा एक ठिपका निवडा: दाराची कडी, कॅलेंडरचा खिळा, समोरच्या इमारतीची टाकी, काहीही. सहा मीटरपेक्षा लांबचा मिळाला तर उत्तम, कारण तेवढ्या अंतरावर फोकस करायला डोळ्याच्या आतल्या स्नायूला जवळजवळ जोरच लावावा लागत नाही. दोन श्वास नुसतं त्या ठिपक्याकडे बघा. मग डोळे न हलवता डावीकडे किती लांबचं जाणवतंय, उजवीकडे किती, याची दखल घ्या. नंतर वर छत, खाली स्वतःचे गुडघे. चारही बाजू एकदम जाणवायला लागल्या की साठ ते नव्वद सेकंद तसेच राहा. पापण्या हव्या तेव्हा मिटू द्या. उठताना झटक्याने मोबाइलकडे पाहू नका.

ताण आला की लक्ष आक्रसतं. समोरची एकच गोष्ट दिसते, बाकीचं सुटतं. परीक्षेत प्रश्नाची दुसरी ओळ वाचायची राहते ती यामुळेच. मानसशास्त्रात हे निरीक्षण १९५९ सालच्या ईस्टरब्रुक यांच्या लेखापासून ठळकपणे मांडलं गेलं आहे. आपण करतो ते त्याच्या उलट: लक्ष मुद्दाम रुंद करतो, सोबत श्वास लांबतो, जबडा सुटतो, आणि डोक्यात तेच तेच फिरणारं वाक्य थोडा वेळ बाजूला पडतं. बस, एवढंच. रील्समध्ये जे "जवळ पाहिलं की शरीर लढाईच्या तयारीत, लांब पाहिलं की शांत" असं बटण असल्यासारखं सांगतात, ते शरीरशास्त्राला धरून नाही. जवळचं पाहताना भिंगाला जाड करणारा स्नायू पॅरासिम्पथेटिक, म्हणजे विश्रांतीच्या बाजूच्याच मज्जातंतूवर चालतो. जवळच्या कामाने तो थकतो हे खरं, लांब पाहून त्याला आराम पडतो हेही खरं. पण त्याचा अर्थ एका मिनिटात अख्खं शरीर रीसेट होतं असा नाही.

म्हणून यश कशाला म्हणायचं ते आधीच ठरवा. सुरू करण्यापूर्वी ताणाला शून्य ते दहामध्ये एक आकडा द्या, संपल्यावर पुन्हा द्या. सातचा पाच झाला तर उपाय चालला. सातचा शून्य व्हावा अशी अपेक्षा असेल तर खालची कुठलीच तपासणी कामाला येणार नाही.

१. कपाळ, जबडा, जीभ

सगळ्यात सोपं, म्हणून सगळ्यात आधी. दोन भुवयांच्या मधे एक बोट हलकेच टेकवा आणि कृती सुरू करा. बोटाखाली कातडी गोळा होत असेल तर तुम्ही डोळे वटारताय. "जास्त दिसायला हवं" या हट्टापोटी हे होतं. डोळे मोठे केल्याने वरचं थोडंफार जास्त दिसेल, पण डावीउजवीकडे काही फरक पडत नाही. कपाळ मात्र दुखतं. वरची पापणी किंचित जड होऊ द्या. दातावर दात असतील तर सोडा, जीभ टाळूला चिकटली असेल तर खाली येऊ द्या. ओठ मिटलेले राहिले तरी चालतील.

ठिपका फार उंचावर निवडला असेल तरी हाच त्रास होतो. मान न उचलता सहज दिसेल असा निवडा.

२. पापण्या मिटताय का?

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. दिवसभर कोडिंग करून संध्याकाळी नजर सैल करायला बसलात तर डोळे आधीच कोरडे असतात. त्यात एसीचा झोत तोंडावर. चुरचुरणारच. सुरू करण्याआधी दहा वेळा सावकाश, पूर्ण पापणी मिटा. अर्धवट लुकलुकणं मोजू नका. केमिस्टकडून मनाने थेंब आणू नका, विशेषतः "मागच्या वेळी डोळे आले तेव्हा दिलेले" घरात उरलेले. त्यात स्टिरॉइड असू शकतं, आणि ते देखरेखीशिवाय घातलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

कडेच्या वस्तू गायब होण्याचं कारणही इथेच आहे. नजर एका ठिपक्यावर घट्ट खिळली आणि पापणीही हलली नाही, की कडेचं न हलणारं चित्र मेंदू काही सेकंदांत गाळून टाकतो. ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला ट्रॉक्सलर परिणाम म्हणतात. डोळे बिघडलेले नाहीत. एकदा पापणी मिटली की वस्तू परत दिसते. परत दिसली नाही, तर मात्र ती वेगळी गोष्ट. शेवटचा भाग पाहा.

३. कडा शोधताय की येऊ देताय?

बऱ्याच जणांची गाडी अडते ती इथे, त्यामुळे जरा सविस्तर.

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यावर एक बारीक खळगा असतो, फोव्हिया. बारीक अक्षर वाचता येईल इतकं तीक्ष्ण फक्त तिथे दिसतं. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा: साधारण तेवढाच, दीड-दोन अंशांचा तुकडा. दोन्ही डोळ्यांचा मिळून आडवा पसारा मात्र १८० अंशांच्या आसपास, थोडा जास्तच. म्हणजे उरलेल्या जवळजवळ सगळ्या पसाऱ्यात तुम्हाला कधीच स्पष्ट दिसत नाही. तिथे हालचाल कळते, उजेड-अंधार कळतो, काहीतरी मोठं आहे की छोटं ते कळतं. अक्षर कळत नाही, चेहरा ओळखू येत नाही, कडेला गेल्यावर रंगाचीही खात्री देता येत नाही.

आता ज्याला "कडेचं बघा" असं सांगितलं, तो कपाट स्पष्ट दिसावं म्हणून धडपडतो. स्पष्ट दिसत नाही, म्हणून डोळे तिकडे उडी मारतात. मग परत मध्यावर. मग दुसरीकडे. दोन मिनिटांत शंभर उड्या, आणि ताण वाढलेला. हा व्यायाम राहिलाच नाही, ही टेहळणी झाली.

परीक्षा अशी: छताचा पंखा सगळ्यात कमी गतीवर ठेवा आणि तो नजरेच्या वरच्या कोपऱ्यात येईल असे बसा. डोळे ठिपक्यावर. पंखा फिरतोय एवढं कळलं पाहिजे. पाती किती हे दिसायला लागलं, तर डोळे हललेत. पंख्याऐवजी खिडकीतला पडदा, वाळत घातलेले कपडे, कुंडीतलं रोप, काहीही हलणारं चालतं. कडेच्या नजरेला स्थिर वस्तूपेक्षा हलती वस्तू पटकन कळते, म्हणून नवख्याने भिंतीऐवजी हालचालीपासून सुरुवात करावी.

तेही नाही जमलं तर हात वापरा. दोन्ही हात समोर लांब करा, अंगठे वर, डोळ्यांच्या उंचीला. नजर दोन अंगठ्यांमधून पलीकडच्या ठिपक्यावर. बोटं हलवत हात सावकाश बाजूंना न्या. हालचाल जाणवेनाशी झाली की थांबा आणि एक इंच पुढे आणा. ही तुमची कड. बहुतेकांचे हात कानांच्या रेषेपर्यंत जातात. चष्मा काढून करा, काडी आडवी येते. हात खाली ठेवल्यावरही तेवढ्या रुंदीची जाणीव टिकवायची, बाकी काही करायचं नाही.

एक घोळ पुण्यात हमखास दिसतो, कारण इथे प्रत्येक दुसऱ्या घरात कुणीतरी योगासनाच्या वर्गाला जाऊन आलेलं असतं: त्राटक आणि हे एकच समजलं जातं. त्राटकात ज्योतीवर किंवा बिंदूवर पापणी न मिटता नजर एकाग्र करायची असते. इथे बिंदू फक्त डोळे टेकवायला असतो, लक्ष त्यावर नसतं. त्राटक वाईट नाही. पण दोन्ही एकाच बैठकीत करू नका. सवय लागलेली एकाग्रता मधे येते.

४. श्वास

नजर रुंद झाली की श्वास आपसूक संथ व्हायला हवा. होत नसेल तर चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, नाकाने. सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडण्याचा काळ लांब. मिनिटाला सहा श्वास होतात, पुरे.

डोकं हलकं होणं आणि बोटांना मुंग्या ही बहुधा जोरजोरात खोल श्वास घेतल्याची खूण असते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. "दीर्घ श्वास घ्या" ही सूचना लोक फार मनावर घेतात. श्वास लहानच घ्या, फक्त हळू.

५. कडेला आहे तरी काय?

घरी जमतं आणि बाहेर नाही, तर दोष तुमचा नाही, जागेचा आहे.

सदाशिव पेठेतल्या, नारायण पेठेतल्या अभ्यासिका घ्या. एमपीएससी करणारी मुलं दिवसाचे दहा-बारा तास ज्या खणात बसतात, त्याला तीन बाजूंनी प्लायवूड. डोळ्यापासून कडा हातभर अंतरावर, तीही एकाच रंगाची. तिथे नजर पसरायला जागाच नाही. खणात बसून नाद करू नका. उभे राहा, फळीच्या वरून हॉलच्या पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ बघा, उभ्यानेच दीड मिनिट. जिन्यातली खिडकी किंवा गच्ची त्याहून बरी. संध्याकाळी पर्वती चढणं जमत असेल तर सोन्याहून पिवळं: वरच्या कट्ट्यावरून शहराचा पसारा एका नजरेत येतो. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेरची टेकडी, जी जवळ असेल ती. लकडी पुलावरून नदी बघत उभं राहण्यात मजा आहे, पण पाठीमागून वाहनं जातात, शिकतानाच्या दिवसांत नको.

हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत उलटी अडचण. कडेला हालचालच फार. मागून लोक जातात, शेजारच्याच्या दुसऱ्या मॉनिटरवर खिडक्या उघडझाप करतात, काचेच्या केबिनमध्ये प्रतिबिंबं. कडेची नजर हालचालीलाच दचकते, त्यामुळे तिथे लक्ष रुंद केलं तर सावधपणा वाढतो. पाठ भिंतीला लागेल अशी जागा शोधा. मीटिंग रूम रिकामी असेल तर तिथे, नाहीतर बाहेर, पार्किंगच्या कडेला जिथून आकाश दिसतं तिथे. बाथरूममध्ये लपून करणारे आहेत. चार फुटांवर टाइल, काय उपयोग?

दिव्याचा संशयही घ्या. तांब्याच्या जुन्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते, आणि जुनी झाली की टोकांना दिसेल इतकी फडफडते. फडफड मध्यापेक्षा कडेच्या नजरेला आधी टोचते. समोर पाहताना काही जाणवत नाही आणि नजर सैल केली की खोली थरथरल्यासारखी वाटते, असं असेल तर दिवा बंद करून दिवसाच्या उजेडात करून बघा. फरक पडला तर दिवा बदला. बऱ्या कंपनीची एलईडी ट्यूब दोन-तीनशे रुपयांत येते. स्वस्तातल्या काही एलईडीही फडफडतात. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये पट्टे सरकताना दिसले की समजा.

आणि गाडी चालवताना हे करायचं नाही. कर्वे रोडला सिग्नलला थांबल्यावरसुद्धा नाही. पीएमपीच्या बसमध्ये किंवा मेट्रोत बसून करायचं असेल तर डब्याच्या आत लांबवर बघा. खिडकीबाहेरचं सरकतं दृश्य कडेने घेतलं की कित्येकांना मळमळतं.

६. चष्मा

इथून पुढे पैसे लागू शकतात. आधी फुकटातलं: काचा साबणाच्या पाण्याने धुवा. कडेला साचलेला तेलकट थर हा धुरकटपणाचा अगदी मामुली स्रोत आहे.

चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला चष्मा असेल तर खालच्या दोन्ही बाजूंना आकार वाकडे दिसणं ही त्या काचेची रचनाच आहे, बिघाड नाही. हा सराव तो काढून करा. सरावाला स्पष्ट दिसण्याची गरज नाहीच. लहान फ्रेम, जाड काड्या, मायनसचा मोठा नंबर, या तिन्हींत फ्रेमच्या आतलं आणि बाहेरचं जग वेगळं दिसतं आणि लक्ष त्या सीमेवर अडकतं. तिथेही चष्मा काढणं हाच उपाय. काढल्यावर डोकं दुखत असेल, किंवा शेवटची तपासणी होऊन दोन वर्षं उलटली असतील, तर नंबर तपासून घ्या. चुकीच्या नंबरचा ताण कुठल्याही सरावाने उतरत नाही.

७. वेळ चुकते आहे का?

बहुतेक जण हा उपाय पहिल्यांदा वापरतात तो बॉसचा फोन ठेवल्यावर, किंवा परीक्षेच्या हॉलबाहेर. तेव्हा जमणार नाही. आधी पंधरा दिवस साध्या वेळी करा: सकाळी चहाआधी, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी. दर वेळी दोन मिनिटं. शरीराला वाट माहीत झाली की मगच ती घाईच्या वेळी सापडते.

दहा मिनिटांत ताण परत येत असेल तर त्या दहा मिनिटांत काय केलं ते पाहा. मोबाइल उघडला असेल तर उत्तर मिळालं. स्क्रीनच्या कामात दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघण्याचा नियम याला चांगला जोड देतो.

८. ताण डोळ्यांतून येतच नसेल तर

सकाळपासून पाच कटिंग झाले असतील तर नजर काय करणार. कॅफिन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचच्या चहातलं निम्मं रात्री दहाला अंगात असतं. दुपारनंतरचा चहा आठवडाभर बंद करून बघा. झोप सहा तासांच्या खाली असेल तर आधी ती.

हे सगळं ठीक असून छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, वजन उतरणं चालूच असेल तर फॅमिली डॉक्टरकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइड वाढलेला किंवा रक्त कमी असलेला माणूस "टेन्शन घेतो" म्हणून वर्षानुवर्षं ऐकून घेत असतो.

इथे थांबा, आणि कुणाला गाठायचं

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी: अचानक विजेसारख्या रेघा चमकणं, काळे ठिपके किंवा जाळी एकदम वाढणं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार. डोळ्याच्या आतला पडदा सुटण्याची ही लक्षणं आहेत आणि यात तास मोजावे लागतात. डोळा लाल, असह्य दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलटी, हे एकत्र असेल तरी तेच. तो डोळ्यातला दाब अचानक चढल्याचा प्रकार असू शकतो. नागमोडी चमकत्या रेषा हळूहळू पसरून तासाभरात गेल्या तर अर्धशिशी असू शकते, पण पहिल्यांदाच होत असेल तर दाखवून घ्या.

सवडीने, पण नक्की: तपासणी ३ मधल्या हातांच्या परीक्षेत एका बाजूचा हात दुसऱ्यापेक्षा खूप आधी हरवतो. एकेक डोळा झाकून पुन्हा करा. नाकाच्या बाजूला कमी दिसणं स्वाभाविक आहे, पण दोन डोळ्यांत ठळक फरक नको. काचबिंदूत कडेची नजर हळूहळू, न दुखता जाते. चाळिशी उलटली असेल आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर दाब आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी मागून घ्या. मात्र अर्धी बाजू एकाएकी दिसेनाशी झाली, सोबत तोंड वाकडं किंवा हातात जोर नाही, तर १०८.

छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम: हा ताणच आहे असं स्वतः ठरवू नका. तिथेही १०८.

मनाच्या डॉक्टरांकडे: नजर सैल केली की जग खोटं वाटतं आणि ते लवकर ओसरत नाही, एखाद्या अपघातानंतर किंवा मारहाणीनंतर कडेला काही हललं तरी अंगावर काटा येतो, दोन आठवडे झोप, भूक, कामात मन, सगळं उडालंय. अशा वेळी हा सराव बंद ठेवा, काहींना तो उलट पडतो. तेवढ्यापुरतं तळपाय जमिनीवर दाबणं, गार पाण्याने हात धुणं बरं. जीव द्यावासा वाटत असेल तर एक क्षणही एकटं राहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, फुकट, मराठीतही चालतो. खासगी फी परवडत नसेल तर पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार आणि नेत्रविभाग दोन्ही आहेत. बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर जा, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्या.

डोळ्याचा पडदा तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. त्यामुळे दुचाकी घरीच ठेवा, जाता-येता रिक्षा करा, आणि गॉगल बरोबर असू द्या.